रात्री दोन वाजता खातं उघडणारे हे ग्राहक कोण?

चटणीवाली_शाहूपुरी | सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहिते, म्हणजे सगळं एकदाच सांगून होईल.

आम्ही सात बायका मिळून कांदा-लसूण चटणी करतो. माझी आत्या तीस वर्षं घरगुती ऑर्डरी घ्यायची. चार वर्षांपूर्वी मी तेच काम वेबसाईटवर आणलं. साईट वू-कॉमर्सवर (वर्डप्रेसवर दुकान चालवायचं सॉफ्टवेअर) आहे. मिरची कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतून आणतो, रंगाला ब्याडगी आणि तिखटाला संकेश्वरी. मिरची कुटायचा डंक शेजारच्याच गल्लीत. एका वेळी ६० किलो कुटतो, त्याच्या अर्ध्या किलोच्या १२० पुड्या होतात, आणि साईटवर तेवढाच आकडा टाकतो. संपल्या की पुढच्या कुटणीपर्यंत थांबायचं.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यापासून साईटवर खाती वाढायला लागली. सीझन सुरू झाला, लोक यायला लागले असं वाटून आधी आनंदच झाला. मग एका सकाळी यादी उघडून वाचत बसले. ११ रात्रींत १,८४६ खाती! सगळी रात्री दीड ते साडेचारच्या दरम्यानची. नावाच्या जागी नुसती अक्षरं, स्वर नसलेली, उच्चारताच येणार नाहीत अशी. नाव तेच आडनाव. एका खात्यात आणि पुढच्या खात्यात कधी सात सेकंदांचं अंतर, कधी आठ.

यातल्या जवळजवळ कुणीच काही घेतलं नाही. पण त्याच दिवसांत सीओडीच्या (पैसे दारात द्यायच्या) ४३ ऑर्डरी अशा आल्या की त्यातली ३१ पार्सलं परत आली. कुरिअरचे जाताना ७२ आणि येताना ५८ रुपये. पैशाचं दुःख आहेच, पण परत आलेली पुडी हातात घेऊन बघा. तेल सुटून लेबल आरपार दिसायला लागतं, कोपरा दबलेला असतो, आणि अठरा दिवस कुठल्या तरी गोदामात पडून चटणीचा लाल रंग तपकिरीकडं झुकलेला असतो. ती कुणाला विकायची? आत्या एकेक पुडी फोडून घमेल्यात ओतत होती आणि तोंडातून शब्द काढत नव्हती.

आमची साईट बघणाऱ्या मुलानं खातं उघडताना ओटीपी लावून दिला. तीन रात्रींत १४,२०० एसएमएस गेले. वीस पैशाला एक, म्हणजे २,८४० रुपये उडाले आणि खाती थोडीच कमी झाली. मग त्यानं समोर माणूस आहे की यंत्र हे तपासणारा, चित्रं ओळखायचा कॅप्चा लावला. त्यानं खाती थांबली खरी, पण रोजच्या चौदा-पंधरा खऱ्या ऑर्डरी होत्या त्या नवावर आल्या.

पुढची कुटणी रविवारी आहे. काय करू?

थेट_बंद | सोमवार, रात्री ११:०५

ताई, सीओडी बंद करा. नवीन खात्याला आधारकार्डाचा फोटो मागा. भारताबाहेरचे सगळे आयपी (इंटरनेटवरचे पत्ते) बंद करा. ज्याला खरंच चटणी पाहिजे तो एवढं करेलच. मी माझ्या मोबाईल कव्हरच्या दुकानाला असंच केलंय.

रंकाळ्याकाठचा | सोमवार, रात्री ११:५०

ताई, मी दहा वर्षं दुकानांच्याच साईटी करतोय. तुमच्या पोस्टमध्ये तीन वेगळी दुखणी एकत्र आलीत. आधी ती सुटी करू.

पहिलं, रात्रीची १,८४६ खाती. ही बॉटनं (आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमनं) उघडलेली आहेत, आणि बॉटला तुमच्या चटणीशी काही देणंघेणं नसतं. मग तो येतो कशाला? एक म्हणजे प्रोफाईलमध्ये किंवा अभिप्रायात जाहिरातीची लिंक चिकटवायला. दुसरं, पहिल्या ऑर्डरवर सवलत असेल तर ती पुन्हा पुन्हा उचलायला. तिसरं कारण फारसं कुणाला ठाऊक नसतं. खातं उघडलं की तुमची साईट त्या पत्त्यावर 'स्वागत आहे'चा ईमेल पाठवते. चोर एखाद्या माणसाचा ईमेल पत्ता घेऊन एका रात्रीत हजारभर साईटींवर त्याची नोंदणी करतो. त्या माणसाचा इनबॉक्स स्वागताच्या मेलांनी भरून जातो आणि त्याच ढिगाऱ्यात बँकेचा 'तुमच्या खात्यातून पैसे गेले' हा मेल गाडला जातो. तुमची साईट अशा वेळी दुसऱ्याच्या चोरीत वापरली जात असते. आणि ज्यांना ते नको असलेले मेल गेले ते 'स्पॅम' दाबतात, त्यामुळं तुमच्या डोमेनची पत घसरते आणि खऱ्या गिऱ्हाइकाची ऑर्डरची पावतीही स्पॅममध्ये जाऊन पडते. म्हणून खाती रिकामी असली तरी दुर्लक्ष करू नका.

दुसरं, ओटीपीचे १४,२०० एसएमएस. बॉटला खातं उघडायचं नव्हतं, त्याला तुमचं 'ओटीपी पाठवा' बटण सापडलं. उघड्या फॉर्मवर ओटीपी लावणं म्हणजे घरावरच्या टाकीचा नळ रस्त्यावर काढून ठेवण्यासारखं आहे. ते आधी बंद करा, आजच, झोपायच्या आधी. त्यात पैसे तर जातातच, शिवाय डीएलटीवर (धंद्याचे एसएमएस पाठवणाऱ्यांच्या नोंदणीवर) नोंदवलेला तुमचा हेडर, म्हणजे पाठवणाऱ्याचं नाव, आहे, म्हणजे न मागता मेसेज आलेले लोक तक्रार करणार ती तुमच्या नावावर.

तिसरं, परत आलेली ३१ पार्सलं. माझा अंदाज असा की ही बॉटची नाहीत. बॉट बोंद्रेनगरचा पत्ता टाकून अर्धा किलो चटणी मागवत नाही. ती माणसं आहेत आणि त्यांचा इलाज वेगळा आहे. एक सांगा, ४३ मधल्या किती ऑर्डरी त्या १,८४६ खात्यांतून आल्या?

चटणीवाली_शाहूपुरी | मंगळवार, सकाळी ६:३०

ओटीपी रात्रीच बंद केला. आत्ता जुळवून बघितलं. ४३ पैकी फक्त २! बाकीच्या ४१ दिवसाढवळ्या आलेल्या आहेत, नावंही सरळ आपल्याकडची. मी दोन्ही गोष्टी एकच समजून महिनाभर नुसती धावत होते.

सुनीता_गडहिंग्लज | मंगळवार, सकाळी ९:१५

मुली, तुझ्या त्या कमी झालेल्या ऑर्डरींतली एक माझी आहे. मी शिक्षिका होते, निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. तुमची चटणी दोन वर्षं मागवते, कारण आता माझ्या हातानं होत नाही.

गेल्या महिन्यात पैसे भरायच्या आधी नऊ चित्रं समोर आली. वर इंग्रजीत लिहिलेलं. मला इंग्रजी वाचता येतं, तरी 'फायर हायड्रंट' म्हणजे नेमकं काय हे मला पाहून सांगता येईना. गडहिंग्लजमध्ये मी तसलं कधी पाहिलेलं नाही. दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा झेब्रा पट्टे विचारले, त्यातल्या एका चौकोनात पट्ट्याचं नुसतं टोक होतं, ते धरायचं की सोडायचं? मोतीबिंदूचं एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं राहिलंय. शेवटी 'पुन्हा प्रयत्न करा' आलं आणि मी फोन खाली ठेवला. मला वाटलं आपलंच काही चुकतंय. तुला फोन करून विचारावं असंही वाटलं नाही, कमीपणा वाटला.

आधारचा फोटो वगैरे मी तर कधीच देणार नाही. चटणीसाठी कुणी आधार मागितला तर ते दुकानच खोटं आहे असं मी समजेन.

चटणीवाली_शाहूपुरी | मंगळवार, सकाळी ९:४०

बाई, मला माफ करा. कमीपणा तुम्हाला वाटायचं काही कारण नव्हतं, चूक आमची आहे. चित्रं आत्ता काढायला सांगते.

लॉगवाचक | मंगळवार, दुपारी १:२०

मूळ कसबा बावड्याचा, नोकरीला पुण्यात, सर्व्हर सांभाळणं हेच काम. सुनीताबाईंची पोस्ट वाचली आणि जेवणाच्या सुट्टीत लिहायला बसलो.

चित्रांच्या कॅप्चाबद्दल आधी. कॅप्चा हे नाव कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या मंडळींनी २००० च्या सुमारास दिलं. माणसाला सोपं आणि यंत्राला अवघड असं काहीतरी विचारायचं. तेव्हा यंत्राला वेडीवाकडी अक्षरं वाचता येत नव्हती. आज यंत्राला चित्रं ओळखता येतात, आणि जिथं येत नाहीत तिथं पैसे देऊन माणसांकडून कॅप्चा सोडवून देणाऱ्या सेवा आहेत. म्हणजे ज्याच्यामागं पैसा आहे तो बॉट पुढं जातो आणि अडकतात त्या बाई.

आता बिनचित्रांचे प्रकार आहेत. गूगलचा रीकॅप्चा व्ही-३ काहीच विचारत नाही, वागणूक बघून ० ते १ मधला एक आकडा देतो. १ कडं गेला तर माणूस, ० कडं गेला तर बॉट. क्लाउडफ्लेअरचं टर्नस्टाईल २०२२ मध्ये आलं, तेही बहुतेक वेळा पाठीमागंच तपासणी करतं. यातलं काहीही घ्या, पण आकडा कमी आला म्हणून दार लावू नका. ती ऑर्डर फक्त बाजूला काढून ठेवा, फोन करून खात्री करा.

'थेट_बंद' यांनी आयपी बंद करायला सांगितलंय. परदेशी आयपी रोखले तर आपल्याकडची मुलं जी दुबई-अमेरिकेतून आईवडिलांच्या पत्त्यावर ऑर्डर देतात ती तुटतील. आणि देशातला एक आयपी बंद करण्यात त्याहून मोठा धोका आहे. मोबाईल कंपन्यांकडं आयपीव्ही-४ चे (जुन्या पद्धतीचे) पत्ते कमी आहेत, म्हणून एका सार्वजनिक पत्त्यामागं शेकडो-हजारो फोन बसवलेले असतात. तुम्ही एका खोडसाळ माणसाचा आयपी अडवता आणि त्याच्याबरोबर अर्धं राजारामपुरी बाहेर राहतं. ते तुम्हाला कळणारही नाही, कारण आत येऊ न शकलेलं गिऱ्हाईक तक्रार करायलाही आत येत नाही. मोठमोठ्या डेटा सेंटरचे आयपी मात्र नोंदणीच्या पानावर बिनधास्त अडवा. चटणी घेणारं माणूस भाड्याच्या सर्व्हरवरून येत नाही.

आता सगळ्यात स्वस्त उपाय. फॉर्ममध्ये एक रकाना असा ठेवायचा की तो माणसाला दिसत नाही, बॉटला दिसतो. बॉट दिसेल तो रकाना भरतो. तो भरलेला आला की नोंदणी गुपचूप टाकून द्यायची. याला हनीपॉट म्हणतात. यात एक मेख आहे, मी स्वतः ठेच खाल्लीय. त्या लपवलेल्या रकान्याला 'फोन' किंवा 'कंपनी' असं ओळखीचं नाव दिलं तर ब्राउझरचं ऑटोफिल तो आपोआप भरतं आणि खरा माणूस बॉट ठरतो. तेव्हा नाव असं द्या की ऑटोफिलला त्याचा अर्थ लागणार नाही. शिवाय आंधळी माणसं स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर वापरतात, त्यांना तो रकाना ऐकू येणार नाही अशी खूण त्यावर करायला तुमच्या मुलाला सांगा.

दुसरं म्हणजे वेळ. पान उघडल्यापासून तीन सेकंदांच्या आत पूर्ण फॉर्म भरून आला तर तो हातानं भरलेला नाही.

थेट_बंद | मंगळवार, दुपारी २:०५

आयपीमागं इतकी माणसं असतात हे मला ठाऊक नव्हतं. माझ्याकडं गेल्या वर्षी विक्री कमी झाली होती, ती मंदी समजून मी गप्प बसलो होतो. आज घरी गेल्यावर यादी काढून बघतो.

रंकाळ्याकाठचा | मंगळवार, दुपारी ४:३०

लॉगवाचक यांच्याशी पूर्ण सहमत. एकच भर.

ताई, तुमच्या दुकानाला खातं लागतंच कशाला? चटणी घ्यायला नाव, पत्ता, फोन पुरे. वू-कॉमर्सच्या सेटिंगमध्ये 'खाती आणि गोपनीयता' असा भाग आहे, तिथं खात्याशिवाय ऑर्डर द्यायची सोय चालू करा आणि 'माझे खाते' पानावरची नोंदणी बंद करा. पण इथं पुष्कळ लोक फसतात. वर्डप्रेसचं स्वतःचं नोंदणीचं वेगळं दार असतं, 'सर्वसाधारण' सेटिंगमध्ये 'कोणीही नोंदणी करू शकतो' अशी चौकट. एक दार लावलं तरी दुसरं उघडं असतं आणि बॉटला दोन्ही पत्ते पाठ असतात. दोन्ही बघा. ज्याला खातं हवंच आहे त्याला पैसे भरताना उघडू द्या. ऑर्डर देताना खातं उघडणारा बॉट मी क्वचितच पाहिलाय.

आणि सवलतीचं कूपन असेल तर ते ईमेलवर बांधू नका. जीमेलमध्ये नावातल्या टिंबांना काही अर्थ नसतो, आणि नावापुढं अधिकचं चिन्ह लावून काहीही लिहिलं तरी मेल त्याच डब्यात पडतो. म्हणजे एकाच माणसाला एकाच जीमेलवरून पन्नास 'नवीन गिऱ्हाईक' होता येतं. कूपन फोन नंबर आणि पत्ता मिळून बांधा.

अजून एक दार राहिलं. अनेक साईटींवर फॉर्म न उघडता थेट एपीआयवर (प्रोग्रॅमनं साईटशी बोलायच्या मागच्या दारावर) ऑर्डर टाकता येते. चोरलेल्या कार्डांतली कुठली अजून चालू आहेत हे तपासायला बॉट लहान दुकानांवर दोन-पाच रुपयांचे व्यवहार टाकून बघतात. आपल्याकडच्या कार्डाला ऑनलाईन व्यवहारात २००९ पासून दुसरी पडताळणी लागते, म्हणून हा त्रास जास्त करून परदेशी कार्डांचा. तुम्ही परदेशी कार्ड घेत नसाल तर पेमेंट गेटवेत ते बंद ठेवा आणि तुमच्या मुलाला सांगा, हनीपॉट, वेळ, टर्नस्टाईल जे काही लावशील ते फॉर्मवर न तपासता सर्व्हरवर तपास.

पार्सल_उद्यमनगर | मंगळवार, रात्री ९:१०

ताई, मी कुरिअरची फ्रँचायझी चालवतोय. परत येणाऱ्या पार्सलचं आमच्या बाजूनं सांगतो.

खोटा पत्ता वाचला की कळतोय. गल्लीचं नाव नाही, खुणेची जागा नाही, नुसतं 'कोल्हापूर' आणि पिनकोड. आपल्याकडचा खरा माणूस पत्ता लिहिताना दत्त मंदिराच्या मागं, पाण्याच्या टाकीजवळ, निळं गेट, असं लिहितोयच. पिनकोड एका बाजूचा आणि पेठ दुसऱ्या बाजूची असली तर शंभर टक्के गडबड.

पण ताई, परत आलेली सगळी खोटी नसतात हे पण सांगतो. माझी पोरं दुपारी बाराला जातात, माणूस कामावर, घरात म्हातारी, तिच्याकडं चारशे रुपये नाहीत. 'पोरगं आलं की द्या' म्हणते. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी पार्सल परत. तुमच्या वहीत तो खोटा गिऱ्हाईक झाला, पण बिचाऱ्यानं चटणीची वाट बघितली असणार. उन्हाळ्यात शेतीकामाचे दिवस, गावात दुपारी कोण नसतंय. ऑर्डर घेतानाच विचारा, पार्सल सकाळी पाहिजे का संध्याकाळी, आणि घरात कोण घेणार. त्यानंच निम्मी पार्सलं वाचतील माझ्या मते.

आणि एक. ऑर्डर आल्यावर दोन तासांत फोन केला तर माणूस बोलतो. पाचव्या दिवशी केला तर त्याला आठवतच नाही.

पायताण_४१६ | मंगळवार, रात्री १०:००

आमचं कोल्हापुरी चपलांचं काम. कापशी, हातानं केलेली, एका मापाचा एकच जोड तयार असतो. तुमच्या १२० पुड्यांसारखाच आमचा प्रश्न आहे म्हणून सांगतो.

गेल्या दिवाळीत आठ नंबरचा जोड साईटवर सारखा 'संपला' दाखवायचा आणि जोड तर माझ्यासमोर खुंटीला टांगलेला. शोधलं तेव्हा कळलं. नुसतं कार्टात टाकल्यानं माल अडत नाही, पण ऑर्डर तयार करून पैसे न भरता सोडून दिली तर वू-कॉमर्स तो माल ६० मिनिटं धरून ठेवतो. कुणीतरी दर तासाला तीच ऑर्डर टाकत होतं. बॉट होता का कुणी मुद्दाम करत होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही. मी ती वेळ १५ मिनिटांवर आणली. सीओडीला मात्र ही वेळच लागू नाही, ऑर्डर पडली की माल लगेच वजा होतो. म्हणून सीओडीला मी शंभर रुपये आधी यूपीआयनं घेतो, उरलेले दारात. शंभर रुपये भरणारा माणूस पार्सल परत करत नाही.

जो जोड करायला कारागिराला दिवसच्या दिवस लागतात, वादीनं एकेक टाका घालावा लागतो, तो विकला गेला नाही तर त्याच्या घरी त्या आठवड्याचे पैसे जात नाहीत. 'संपला' ही पाटी मला त्याच्यासाठी लागते.

काळाकोट_कसबा | बुधवार, सकाळी ८:२०

वकील आहे. थोडक्यात तीन गोष्टी. चटणी विकायला आधारचा फोटो मागू नये. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, आणि कामाला लागेल तेवढीच माहिती संमतीनं घ्यावी हे त्याचं सूत्र आहे. घेतलेली माहिती सांभाळायची जबाबदारी तुमच्यावर येते. दुसऱ्याचं नाव-नंबर वापरून संगणकाद्वारे फसवणूक केली तर माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चं कलम ६६-ड लागतं, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. कुणी मुद्दाम सतावतंय अशी शंका असेल तर लॉग (सर्व्हरवरच्या नोंदी) पुसू नका, तारीखवार जपून ठेवा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार टाका. पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच फोन करा, तिथं उशीर झाला की रक्कम अडवणं अवघड होतं.

ती १,८४६ खाती काढण्याआधी यादीची प्रत ठेवा.

चटणीवाली_शाहूपुरी | बुधवार, रात्री ११:१५

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. आज दिवसभर बसून काय काय केलं ते लिहिते, चुकत असेल तर सांगा.

दोन्ही दारं बंद केली, खात्याशिवाय ऑर्डर चालू. चित्रं गेली. हनीपॉट लावला, रकान्याला नाव दिलंय 'पाटावरवंटा', ऑटोफिलला ते कळणार नाही. टर्नस्टाईल फक्त पैसे भरायच्या पानावर, आणि तिथं शंका आली तर ऑर्डर 'थांबवलेली' मध्ये जाते, नाकारली जात नाही. एका फोनवरून दिवसात तीनपेक्षा जास्त ऑर्डरी आल्या तरी तसंच. सीओडीला ५० रुपये आधी, पण जुन्या गिऱ्हाइकांना ते माफ. पत्त्याखाली एक नवीन रकाना केला, 'खुणेची जागा आणि घरी कोण असेल'. पार्सलवाल्या दादांचं म्हणणं मला फार लागलं. मी ज्यांना मनातल्या मनात शिव्या घालत होते त्यांच्यात अशा म्हाताऱ्या किती असतील.

थांबवलेल्या ऑर्डरींना फोन करायचं काम आत्यानं मागून घेतलंय. म्हणाली, मला माणसाच्या आवाजावरून कळतं.

लॉगवाचक | गुरुवार, सकाळी ७:५०

पाटावरवंटा उत्तम. एक पाहा, नोंदणीचं पान बंद केलं तरी बॉट काही आठवडे येतच राहतील, लॉगमध्ये ४०४ (पान नाही) किंवा ४०३ (परवानगी नाही) ची रांग दिसेल. घाबरू नका, ते बंद दाराची कडी हलवून जातात. सर्व्हरवर भार येत असेल तरच मिनिटाला किती विनंत्या घ्यायच्या त्याची मर्यादा लावा.

चटणीवाली_शाहूपुरी | तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ९:३०

कळवायचं राहून गेलं म्हणून आलेय. दोन कुटण्या झाल्या. नवीन खाती या तीन आठवड्यांत ३८, सगळी ऑर्डरीबरोबर उघडलेली, सगळी खरी. सीओडीची ६६ पार्सलं गेली, ५ परत आली, त्यातल्या तिघांनी नंतर फोन करून पुन्हा मागवली. ऑर्डरी परत चौदाच्या वर गेल्यात. सुनीताबाईंची चटणी पोचली.

आजचा एक प्रसंग मात्र सांगायचाच आहे. सकाळी एकाच फोन नंबरवरून नऊ ऑर्डरी पडल्या. नऊ नावं, पत्ता एकच, चंदगड तालुक्यातलं एक खेडं. एका मिनिटाच्या अंतरानं एकेक. साईटनं सगळ्या थांबवलेल्यात टाकल्या आणि खरं सांगते, मीसुद्धा बघून म्हटलं, हे परत सुरू झालं. आमचा मुलगा म्हणाला, काढून टाकूया का?

आत्यानं फोन लावला. पलीकडून एक बाई बोलल्या. त्यांचा बचत गट आहे, गटात स्मार्टफोन एकीकडंच आहे, बाकीच्या आठजणी तिच्या पडवीत बसून एकेकीचं नाव सांगत होत्या. गेल्या वर्षी कुणाच्या तरी लग्नात आमची चटणी खाल्ली होती. एकत्र एकच ऑर्डर टाकली असती तर हिशोबात घोळ झाला असता, म्हणून प्रत्येकीच्या नावाची वेगळी पावती हवी होती. आत्या त्यांच्याशी वीस मिनिटं बोलत होती, मिरचीच्या भावावर, पावसावर, कुणाच्या गुडघ्यावर. फोन ठेवला आणि मला म्हणाली, नऊ वेळा कुरिअर कशाला, एकाच पोत्यात घाल आणि वर नावाच्या चिठ्ठ्या लाव.

उद्या सकाळच्या चंदगडच्या गाडीनं पाठवतेय. चिठ्ठ्या आत्ता लिहून झाल्या.